पातळ रोस

मंगळूर, २० जानेवारी १९८६

ती. सेव्रीनबायला सा. न. वि. वि.

बाय, तुझी धाकटी बहीण रेडिओवर बोलली! रविवारी दुपारी चौघं जमून गप्पा मारतात ना, कधी धूमकेतूवर, कधी चर्चच्या जुन्या इमारतींवर, त्यात या वेळी विषय होता लग्नाआधीचा रोस. नवरदेवाच्या डोक्यावर नारळाचं दूध का ओततात? इतिहासाचे प्रोफेसर म्हणाले, ही चाल आपण ख्रिस्ती होण्याच्याही आधीची. रसायनशास्त्राचे प्रोफेसर दुधातल्या स्निग्ध पदार्थांवर दहा मिनिटं बोलले, तेव्हा गप्पा चालवणारी लिनेट जांभई गिळत होती. मी शाळेतल्यासारखी हात मांडीवर ठेवून बसलेली. माइकवर किणकिणतात म्हणून बांगड्या आधीच काढायला लावल्या होत्या.

शेवटी लिनेटने विचारलं, तुमची काही आठवण? मग मी लहानपणी पाहिलेला तो रोस सांगितला. तीन नारळ, ऐंशी पाहुणे, आणि दूध इतकं पातळ की खाली सांडलेलं मांजरानेही हुंगून सोडलं. दोन्ही प्रोफेसर खो खो हसले. नाव कुणाचं घेतलं नाही हं. घर मला आठवतच नाही.

ते रेकॉर्डिंग दोन फेब्रुवारीला चार वाजता लागेल. तुझ्या विनीच्या स्थळाचं काय झालं ते कळव.

तुझ्या कौतुकाची वाट पाहणारी,
अपोलीन


चिकमगळूर, २४ जानेवारी

चि. अपोलीनला अ. उ. आ.

कौतुक नंतर. मांजर आठवतं आणि घर आठवत नाही? अगं, ते लसरादोंचं घर! आणि तो नवरदेव म्हणजे इग्नेशस लसरादो, ज्याच्या मेल्विनशी आपल्या विनीचं जुळत आलंय! साल एकोणपन्नास. त्याच्या डोक्यावर वाटी मीच उपडी केली होती. हात धुतल्यासारखं वाटलं.

ती माणसं दर रविवारी रेडिओभोवती बसतात. माझ्या विनीला एकतिसावं सरतंय. दोन स्थळं गेली. या मुलाचं पत्र आलं की पोरगी कॉफीच्या झाडांना गाणी म्हणून दाखवते. हे मोडलं तर मी तुला माफ करीन, कारण शाळेत सिस्टरांनी तसं शिकवलंय, पण बोलणार मात्र नाही. जा आणि ते काढून टाकायला लाव.

काळजीने अर्धी झालेली, तरी तुझीच,
सेव्रीन


मंगळूर, ३० जानेवारी

ती. सेव्रीनबायला सा. न. वि. वि.

गेले होते. लिनेट म्हणाली, गोष्ट कापता येईल, पण पुढचं हसू सगळ्यांच्या बोलण्यात मिसळलंय, ते निघणार नाही. मग प्रोफेसर स्निग्ध पदार्थांवरच पोट धरून हसतायत असं ऐकू येईल. रसायनवाल्यांना विचारलं, तर ते रिकाम्या जागी आणखी तीन मिनिटं बोलायला आनंदाने तयार! लिनेटने हातच जोडले. गोष्ट राहिली.

त्याहून वाईट ऐक. काल इग्नेशस स्वतः दारात. म्हणे, होणाऱ्या सुनेची मावशी रेडिओवर, तेव्हा रविवारी जेवायलाच या, सगळे मिळून ऐकू. तापाचं निमित्त सांगणार होते, पण त्याआधीच त्याने माझा होकार गृहीत धरला.

माझ्यासाठी एक जपमाळ जास्त कर.

तुझी अपराधी,
अपोलीन


मंगळूर, ३ फेब्रुवारी

ती. सेव्रीनबायला सा. न. वि. वि.

जीव मुठीत घेऊन गेले. जेवणं उरकून सगळे रेडिओभोवती बसलो. माझी गोष्ट लागली आणि इग्नेशस हसता हसता खुर्चीवरून घसरला. डोळे पुसत म्हणाला, हे तर त्या कुएल्यांकडचंच लग्न, पहिल्यापासून चिकट मेले! मी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, देव जाणे. आज सकाळी ते कुएलो माझ्या दारात येऊन ओरडून गेले, की त्यांच्या बापाने तीन नव्हे, सात नारळ फोडले होते.

पण मेल्विनची आई, बेनेडिक्टाबाई, हसल्या नाहीत. कॉफीच्या निमित्ताने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. मी म्हटलं, संपलं. त्या हळूच म्हणाल्या, वेदीपुढे यांच्या शेजारी उभी राहिले, तर यांच्या केसांना रोसाचा वासच नाही. सासूबाई शपथेवर सांगायच्या, तीस नारळ फोडले. सदतीस वर्षं वाटत होतं, माझंच नाक वाईट. आणि मग तोंडात पदर कोंबून अशा हसल्या बाय, की मलाच त्यांना धरावं लागलं.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात लग्न धरलंय. त्यांची एकच अट आहे. मेल्विनच्या रोसाचं दूध मी माझ्या घरी चांगलं घट्ट काढून, डबा झाकून, मागच्या दाराने आणायचं. इग्नेशसला कळता कामा नये. विनीला सांग, सासरा चिकट आहे, पण सासू तिच्या बाजूची आहे.

लग्नघरात आपण दोघी भांडूच. त्यानंतरही लोभ उरावा, ही विनंती.

तुझी,
अपोलीन