घाटात काच खोटं बोलते

प्रिय बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. एका खोलीत जन्म काढलेल्या बापलेकांना पत्र कशाला लागतंय? पण आज दुपारी वर्कशॉपचा शिपाई पुन्हा आपल्या दारात उभा राहिला. तो गेल्यापासून शाळेच्या वह्या पुढ्यात घेऊन बसलोय आणि एकही तपासून झालेली नाही. म्हणून हे.

तुमचं इंजिन दुरुस्त झालंय. पुन्हा डबे लावून घाट चढवणार आहेत.

तुमचंच म्हणायचं ना त्याला? घाटात विजेच्या तारा आल्या, वाफेची इंजिनं भंगारात गेली. हे एक तेवढं कुणा साहेबाच्या मनात आलं म्हणून शेडमध्ये जपून ठेवलं. रिटायर झाल्यावरही दर दसऱ्याला तुम्ही झेंडूचा हार घेऊन त्याच्याकडे जायचात. आई म्हणायची, मला कधी गजरा आणला नाही आणि त्या काळ्या सवतीला हार! तुम्ही मिशीत हसायचात आणि हार ओल्या फडक्यात गुंडाळायचात.

तिथं पितळ पुसता पुसता तुम्ही मला इंजिन शिकवायचात. मी मास्तर माणूस, अर्धा कान देऊन ऐकायचो. पण एक वाक्य पाठ झालं. "घाटात काच खोटा बोलता, झिला." बॉयलरमधलं पाणी दाखवणारी ती काचेची नळी. चढावर पाणी मागे सरकतं आणि नळी भरलेली दिसते. माथ्यावर रूळ सपाट झाले की तेच पाणी पुढे पळतं, भट्टीचं छप्पर कोरडं पडतं, त्यातला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ भट्टीतून माणसाच्या अंगावर येते. सपाटीवर गाड्या हाकलेल्या ड्रायव्हरला हे ठाऊक नसतं. तुम्हाला होतं. आणि ऐकून ऐकून मलाही होतं.

मलाही होतं, बाबा.

ते दिवस आठवतात? गोळीबारात आपल्या चाळीतला माणूस गेला होता, आणि मुंबई आपल्याला द्यायला तयार नसलेलेच पाहुणे त्या जुन्या इंजिनाच्या खास गाडीतून मिरवायला येणार होते. चाळीत ठरलं, त्यांच्यासाठी कुणी बोट उचलायचं नाही. ठराव लिहिला मी. वाचून दाखवला मी. तुम्ही गॅलरीत सुपारी कातरत ऐकत होतात, आणि शेवटी एवढंच म्हणालात की पाहुणे कुणाचे का असेनात, इंजिन चढवताना वर माणसं असतात. मी लक्ष दिलं नाही. मी तेव्हा कुणाचंच ऐकत नव्हतो.

शनिवारी शिपाई पास घेऊन आला तेव्हा तुम्ही न्हाव्याकडे गेला होतात. कशासाठी, तर दुसऱ्या दिवशी इंजिनावर नीट दिसावं म्हणून. नव्या ड्रायव्हरशेजारी उभं राहून त्याला घाट दाखवायला तुम्हाला बोलावलं होतं. मी दारातच सांगितलं, बाबांना ताप आहे, येणार नाहीत. तो पास घेऊन परत गेला. मला काय वाटलं सांगू? वाटलं, बाप फितूर म्हणवला जाण्यापासून वाचवला.

त्याच शिपायाबरोबर ते एक वाक्य पाठवता आलं नसतं का मला? बाबांना ताप आहे, पण ड्रायव्हरला सांग की घाटात काच खोटं बोलते. एवढंच. सुचलंच नाही. ठराव लिहिताना किती शब्द सुचले होते!

रविवारी तुम्ही पहाटेपासून कोट चढवून, गळ्याला रुमाल बांधून बसलात. न्यायला येतील म्हणून. दहा वाजले, अकरा वाजले. मला विचारलंत, कुणी आलं होतं का रे? मी नाही म्हटलं. बारा वाजता तुम्ही स्वतःच बूट काढलेत.

तिकडे माथ्यावर प्लग वितळला होता. भिवानं कोळसा टाकायला भट्टीचं दार उघडलं होतं. भिवा, तुमचा शेवटचा फायरमन, नायगावचा. घाटात तारा आल्यावर तुम्ही सपाटीवर आलात तेव्हा तुमच्याशेजारी कोळसा मारलेला, घाट त्याला ठाऊक नव्हता. दादा असतील तर मी येतो, असं सांगून तो त्या गाडीवर गेला होता. दोन दिवस जगला.

मग वर्कशॉपचे साहेब घरी आले. येताच त्यांनी विचारलं, "ताप कसा आहे?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग त्यांना म्हणालात, "उतरला."

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. का? एकदा तरी कानाखाली वाजवायची होतीत. मी वाट बघत होतो. मार खाल्ला असता तर निदान बोलणं झालं असतं.

तुमच्या बाराव्याला भिवाची बायको आली होती. सोनाबाई माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "दादांवर राग नाही धरला मी. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं होतं. ताप न्हवताच म्हणाले, मीच जायचं टाळलं म्हणाले."

म्हणजे दर महिन्याला तुम्ही नायगावला जात होतात ते यासाठी! माझं खोटं आपल्या अंगावर घेऊन तिच्यासमोर बसायला. आणि मी त्या दिवशीही गप्प राहिलो, बाबा. तुमच्या फोटोसमोर बसून गप्प राहिलो. याची लाज तुम्हाला सांगावी एवढीही माझी लायकी नाही.

आता महाराष्ट्र झाला. गाडी त्याच इंजिनाची, पाहुणे तेवढे आपले. चाळ हार घालायला जाणार आहे, आणि स्वागताचं भाषण लिहायला मलाच सांगितलंय. शिपाई विचारत होता, तुमच्या वडिलांनी घाटाबद्दल काही लिहून ठेवलंय का? मी म्हटलं, लिहून नाही, पण एक वाक्य आहे. ड्रायव्हरला मी स्वतः भेटतो.

भाषण मी लिहिणार नाही. उद्या शाळा सुटल्यावर वर्कशॉपात जाईन आणि ड्रायव्हरला ते वाक्य तीनदा म्हणायला लावीन, पोरांकडून पाढे म्हणून घेतो तसं. पण त्याआधी, सकाळीच, नायगावला जाईन. सोनाबाई चहा ठेवील. कपाला हात लावण्याआधी तिला सांगेन, ताप नव्हता हे खरं, पण बाबांनी काही टाळलं नव्हतं. ते कोट घालून बसले होते. खोटं मी बोललो.

नंतर तिनं तो कप उचलून नेला, तर नेऊ दे.

तुमचा,
मधू