तोंडात मावेल एवढं सँडविच

माय,

मी घाबरले आहे. एवढं एक वाक्य लिहायला सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसले, मधे उठून धुतलेलीच भांडी परत धुतली. उद्या मला दातांच्या दवाखान्यात जायचं आहे. दात दुखत नाहीत. माझं तोंड पुरतं उघडत नाही, आणि ते का उघडत नाही हे उद्या डॉक्टर पाहणार आहेत. तुझी नात सोबत येणार आहे, नंबरही तिनंच लावला. तुझे जावई रविवारपासून माझ्याशी फार गोड बोलून राहिले आहेत. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस असा गोड कधी बोलला नाही, त्यामुळे माझा उरलासुरला धीरही गेला आहे.

हे सगळं उघडकीला आलं ते एका सँडविचमुळे. तू गेलीस तेव्हा तुझी नात माझा पदर धरून चालत होती, आता ती पुण्याला नोकरी करते आणि सुटीत घरी आली की मला स्वयंपाक शिकवते. रविवारी सकाळी म्हणाली, "आई, आज रस्सा नको करू. मी सांगते तसं कर, एकदम सोपं आहे." खरंच सोपं होतं. बिनहाडाचं चिकन मीठ आणि चार मिरे घालून उकडायचं, थंड झालं की हातानं त्याचे धागे काढायचे. फडक्यात टांगून ठेवलेलं घट्ट दही, बाटलीतलं थोडं मेयोनीज, बारीक चिरलेला कांदा, काकडी, लिंबू, कोथिंबीर. सगळं कालवायचं आणि ब्रेडच्या दोन तुकड्यांत भरायचं. ना वाटण, ना फोडणी. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत रविवारी घराघरातून खसखस-खोबरं भाजल्याचा वास येतो, आणि आमच्या घरात दही आणि लिंबाचा वास. तुझे जावई ताटलीकडे बघत म्हणाले, "हे काय वं, दवाखान्यातलं जेवण? तिखट कुठं आहे याच्यात?"

मी मात्र मनातून खूश होते. वर्ष झालं असेल, मला तिखट सोसत नाही. जिभेला लागलं की आख्खं तोंड भाजल्यासारखं होतं. मी मिरचीवाल्याला शिव्या घातल्या, यंदाचा मालच जहाल आहे म्हणाले, मग हळूहळू रश्श्यातली मिरचीच कमी करत गेले. घरात कुरकुर झाली तर म्हणायची, वय झालं आपलं, पोट सांभाळा. ही लबाडी इतकी अंगवळणी पडली की माझी मलाच ती खरी वाटायला लागली होती. म्हणून पोरीनं बिनतिखटाचं काही करू म्हटल्यावर मला वाटलं, चला, आज पोटभर खाऊ.

सँडविच चांगलं गुबगुबीत झालं होतं. मी ते दोन्ही हातांत धरलं, तोंड उघडलं, आणि ब्रेडची वरची कड ओठावर अडली. जरा आणखी उघडायला गेले तर दोन्ही गाल आतून दोरी बांधल्यासारखे ताणले. मी ते खाली ठेवून तळव्यानं दाबलं, तरी जाईना. मग एका कोपऱ्यातून थोडं थोडं तोडून खायला लागले. तुझ्या नातीचं लक्ष गेलंच. "आई, असं पोपटासारखं कोरून काहून खाऊन राहिली?" म्हटलं, मला असंच आवडतं. ती आधी हसली, मग हसायची थांबली. "तोंड उघड बरं." उघडलं. "मोठं उघड." म्हटलं, एवढंच उघडते. मग तिनं स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून आडवी तोंडात घातली, सहज गेली. तिच्या ऑफिसात कुणी दातांचे डॉक्टर तपासणीला आले होते, त्यांनी हे शिकवलं म्हणे. तिच्या बाबांना सांगितलं, त्यांचीही गेली. माझी दोन गेली, तीही घासून. तिसऱ्या बोटाला जागाच नव्हती.

 माझ्या ताटलीत ते कोरलेलं सँडविच पडलं होतं.

मग तिनं विचारलं, "तू सुपारी किती खाते?" मी चिडले. म्हटलं, किती म्हणजे काय, जेवल्यावर खाते. "फक्त जेवल्यावर?" मी म्हटलं, मी काय खर्रा खाते का? माय, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला तुझाच आवाज ऐकू आला.

काटोलचं आपलं घर. मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली, जावयांसाठी तू कोंबडी केलेली. जेवण झाल्यावर ते ओट्यावर जाऊन प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला बसले. तू पदर डोक्यावर नीट केलास आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणालीस, "जावईबुवा, राग नका मानू. माही पोरगी तुमाले देली, तिले लवकर एकटी नका पाडू. थो खर्रा सोडा. तोंड सडते त्यानं." सासूनं जावयाला असं तोंडावर बोलायची तेव्हा रीत नव्हती. ते लाल झाले. पण त्यांनी ती पन्नी खिशात टाकली आणि पुढे वर्षाच्या आत खर्रा सोडलाही. आणि त्यांना एवढं बोलून तू आत आलीस, चंची सोडलीस, अडकित्त्यानं सुपारी कातरलीस, एक खांड स्वतःच्या गालात ठेवलंस आणि एक माझ्या हातावर. निघताना तोच अडकित्ता मला दिलास. "घे वं. माही आठवण." पितळेची मूठ, तुझ्या हातानं गुळगुळीत झालेली.

आपल्याला कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. खर्रा वाईट, तंबाखू वाईट, दारू तर विचारूच नको. सुपारी मात्र पूजेत मांडतात, लग्नाचं आमंत्रण तिनं देतात, आल्यागेल्यापुढं तिचं ताट धरतात. ती खायची वस्तू आहे आणि तिचंही काही होऊ शकतं, हे आपल्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या तर नाहीच. संत्र्याच्या बाजारात तू सकाळपासून फळं निवडायला बसायचीस. सुटीच्या दिवशी मीही तुझ्याजवळ पोत्यावर बसलेली असायची. फळ हातात घेतलं की मोठं कोणतं, मधलं कोणतं हे तुला डोळ्यांनी बघावं लागत नसे, बोटांच्या वाटीतच कळायचं. बायांची रांग, प्रत्येकीचा एक गाल फुगलेला. मला भूक लागली म्हटलं की तू चंचीतून खांड काढायचीस. "हे ठेव गालात. भूक मरते." आणि मरायची. मी तेव्हा कितीशी होते, तुझ्या मांडीवर डोकं ठेवण्याएवढी. तुझ्यावर राग धरायला मी हे आठवत नाही. तुझ्याकडे तेवढंच होतं आणि ते तू वाटून खाल्लंस.

आता आजचं सांगते, कारण खरी भीती आजची आहे.

तुझी नात दुपारी बाबांसोबत बाहेर गेली. घरात मी एकटी. उकडलेलं चिकन फ्रिजमध्ये होतं. मनात आलं, पुन्हा एकदा करून बघू, कदाचित रविवारी ब्रेडच जाड असेल. माणूस स्वतःला काय काय समजावतो बघ. ब्रेडच्या कडा कापल्या, लाटण्यानं लाटून ब्रेड पापडासारखा पातळ केला. मग चिकनचे धागे काढायला बसले. अंगठा आणि दोन बोटं, एक धागा, त्याचे दोन, दोनाचे चार. ताटलीत कापसासारखा ढीग झाला, तरी माझे हात थांबेनात. इतकं बारीक करायला मला तुझ्या नातीनं सांगितलं नव्हतं. हे मी कुठून शिकले?

तुझ्याकडून शिकले. रविवारी रश्श्यातल्या फोडी तू आम्हा भावंडांना वाढायचीस. स्वतःला पाठीचा नाहीतर मानेचा तुकडा घ्यायचीस आणि असेच त्याचे धागे धागे काढायचीस. भाकर रश्श्यात भिजवून कुस्करायचीस, त्यात ते धागे कालवायचीस आणि चिमटीएवढे घास करून हळूहळू आत सारायचीस. आमचं जेवण होऊन हात वाळायचे तरी तू जेवतच असायचीस. आम्हाला वाटायचं, मायचं मन मोठं, चांगलं ते पोरांना देते. नंतर वाटलं, माय म्हातारी झाली, दात हलत असतील. पण माय, तुझे दात शेवटपर्यंत पक्के होते. त्याच दातांनी तू सुपारी फोडायचीस.

तू हसताना तोंडावर पदर घ्यायचीस. जांभई आली की भिंतीकडे वळायचीस. शेवटच्या वर्षी रस्सा नको म्हणायचीस, नुसतं दूध-भाकर. गालात फोड आलाय म्हणून तूप-हळद लावायचीस आणि मी बघते म्हटलं की हात झटकायचीस. "काही नाही वं, उष्णता हाय." अंगावरची चोळी सैल झाली तेव्हा तुला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना तू काय सांगितलंस? पोट. तू पोट दाखवलंस, त्यांनी पोट तपासलं, पोटाचं औषध दिलं. तोंड तू कुणालाच दाखवलं नाहीस. त्या हिवाळ्यात तू गेलीस आणि आम्ही सगळ्यांना सांगितलं, घासच जात नव्हता, म्हातारपण.

मी ओट्यावरची ताटली घेतली. खाली फरशीवर बसले. मला काही पक्कं माहीत नाही, आता कळायचा मार्गही नाही. पण ते धागे ताटलीत पडलेले, तुझे होते तसेच. तू कशानं गेलीस ते मला आज, सँडविच करताना समजलं असं वाटतं. तसं असेल तर पुढं काय काय होतं तेही मी पाहिलेलं आहे. तिखट सुटतं, घास लहान होतो आणि मग फोड येतो. माझी दोन झाली आहेत. तिसरं अजून आलेलं नाही. रोज सकाळी आरशापुढं गाल ओढून बघते, बॅटरी लावून. गाल आतून पांढरट दिसतो. कालच्यापेक्षा जास्त पांढरा वाटतो. मग वाटतं, उजेडच तसा पडला असेल. पुन्हा बघते.

तुझी नात म्हणते, "घाबरू नको, लवकर दाखवलं की बरं होते." हे ती इतक्यांदा म्हणाली की तीच घाबरलेली आहे हे मला कळलं. उद्या डॉक्टर विचारतील, घरात आधी कुणाला असं होतं का. काय सांगू? नाही म्हटलं तर तुझं नाव राहतं. हो म्हटलं तर ती पोरगी तिथं माझ्या शेजारी बसलेली असेल, आजीचा तो अडकित्ता तिला खेळणं म्हणून हवा असायचा. तिलाही मी कधीमधी खांड दिलेलं आहे, माय. कौतुकानं. मी सांगणार आहे. हो म्हणणार आहे. तुझ्यासाठी तोंड झाकणं मला परवडलं असतं, तिच्यासाठी नाही परवडत.

एकच विचारायचं होतं. तुला माहीत होतं का? आरशात तूही बघितलं होतंस का, भिंतीकडे वळून? आणि घाबरली होतीस तर मला उठवून सांगितलं का नाहीस? त्या हिवाळ्यात मी तुझ्याजवळ त्याच खोलीत होते.

सँडविच झालं शेवटी. पातळ, तोंडात मावेल एवढं. अर्धं खाल्लं. चव चांगली होती, लिंबू जरा जास्त झालं, तेवढंच झोंबलं. उरलेलं झाकून ठेवलंय. हा कागद मात्र कुठं ठेवू ते सुचत नाही. वाचायला तू नाहीस, आणि जिनं वाचावं तिला द्यायची आज माझी छाती होत नाही. बहुतेक फाडीन.

तुझ्या नातीनं रविवारीच घरातली सगळी सुपारी फेकली. अडकित्ता तिच्या बॅगेत आहे, मी विचारलं नाही. पण आज उद्यासाठी पर्स भरताना आतल्या कप्प्यात एक खांड हाताला लागलं. तोंडात टाकलं नाही, शपथ. फेकलंही नाही. हे सगळं मी उजव्या हातानं लिहिलं, माय. ते डाव्या मुठीत आहे.