टाकीतल्या आर्चाच्या काड्या

आई,

तुम्ही लग्नाला गेलात आणि फोन घरीच विसरलात, म्हणून चिठ्ठी लिहितेय. एर्मेकला दुपारी धाप लागली. त्याला चौकातल्या मुलांच्या दवाखान्यात ठेवलंय. मी फक्त कपडे न्यायला आलेय.

हवा ओली करायच्या मशीनच्या टाकीत आर्चाच्या काड्या निघाल्या. नजर काढायला आर्चाच्या झुडपाची धुरी तुम्ही घरभर फिरवता, त्याला मी कधी हरकत घेतली नाही. पण धूर दारातून निघून जातो. हा काढा मशीनच्या वाफेतून एर्मेक झोपला असताना थेट त्याच्या छातीत गेला. टाकीत नुसतं उकळून गार केलेलं पाणी घालायचं, रोज बदलायचं, हे तोंड दुखेपर्यंत सांगितलंय मी.

टाकी व्हिनेगरने धुऊन पालथी घातलीय. वाळेपर्यंत हात लावू नका. खिडकीही उघडू नका, बाहेर कोळशाचा धूर साचलाय. लग्नातून बांधून आणलेलं मांस फ्रीजमध्ये ठेवा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, टाकीत कोणी काय घातलं. मी म्हटलं, मीच घातलं. मॉस्कोला तुमच्या लेकालाही तेच सांगितलं. तो नको नको ते बोलला, मी ऐकून घेतलं. खरं कळलं तर तो तुम्हाला नारीन शहरात त्याच्या थोरल्या भावाकडे पाठवेल. मग मी कामावर गेल्यावर एर्मेकला कोण बघणार? तेव्हा त्याचा फोन आला तर गप्प राहा.

एर्मेकच्या नाकाला नळी लावलीय, तरी आजी कुठेय म्हणून विचारतोय. टॅक्सी करून या. येण्याआधी कोटाचे खिसे झटका, त्यात आर्चा असतो.

बेगायिम