निमेशचं लुगडं

४ जानेवारी, रविवार
यमुना निमेशला दिली! नाटकाची नायिका, मंडळात मी असताना, मिशी उतरवायला तयार झालेल्या निमेशला. दिग्दर्शक कृष्णकांत सर म्हणाले, "दीडशे वर्षांपूर्वी हे नाटक झालं तेव्हा बायका रंगभूमीवर येतच नव्हत्या. आपण तसंच करू, अस्सल." मी काय करायचं? निमेशला लुगडं नेसवायचं आणि विंगेतून संवाद सांगायचे.

अस्सलच करायचं तर विजेचे दिवे तरी कशाला, पलिते लावा — हे तिथे सुचलं नाही, आत्ता सुचतंय.

शैलेश म्हणाला, "जाऊ दे गं. पुढच्या नाटकात मिळेल." नवरा समजूतदार आहे म्हणून बरं.

७ जानेवारी
बोईसरहून कंपनीच्या बसने पालघरला उतरले ती थेट तालमीला. यमुना नवऱ्याच्या चोरून वाचायला शिकते, पकडली जाते, शेवटी सगळ्यांच्या पाया पडून पुस्तक चुलीत टाकते. त्यावर लोकांनी हसायचं. लिहिणारा पुरुष, नटणारा पुरुष, बघणारेही पुरुष. बाईचं त्यात काय होतं? लुगडं.

तरी मला ती भूमिका हवी आहे. लाज वाटते, पण हवी आहे.

११ जानेवारी
निमेश शिरगावचा, घरची बोट. जाळी ओढून ओढून हात राकट झालेले. "वैनी, बायका पदर कसा धरतात, दाखव ना." दाखवला. बसायचं कसं, उठायचं कसं, रडू आलं की मान कुठे वळवायची, सगळं दाखवलं. थोड्या वेळाने त्याने तेच सगळ्यांसमोर केलं. सर म्हणाले, "वा, काय बाई उभी केलीस!" कपडेपट सांभाळणाऱ्या मंदाकाकू डोळे पुसत होत्या.

ती मान माझी आहे. मी स्वयंपाकघरात वळवते ती. तिला कधी कुणी वा म्हटलं नाही.

जळले. सरळ लिहिते — जळले.

१२ जानेवारी
आजही.

१८ जानेवारी
नाक्यावर बॅनर लागला. भला मोठा निमेश, नथ घालून. शैलेशने गाडी थांबवून पाहिला. "मस्त दिसतो गं!" घरी येऊन मी पापलेटं करपवली. मुद्दाम नाही. बहुतेक.

२२ जानेवारी, माघी गणपती
शिरगावला पहिला प्रयोग. निमेशचा कासोटा ढिला खोचला. हे मात्र मुद्दाम. दुसऱ्या प्रवेशात यमुना धावत येते. तेव्हा सुटेल, सगळं गाव हसेल, त्याचं गाव. लाजही वाटली नाही, तेही लिहून ठेवते.

आरशात बघत निमेश म्हणाला, "वैनी, खरं सांगू? हे काम तुझंच हाय. सरांनी तुलाच दिलेलं. मग शैलेशदादा आले नि बोलले, बायको स्टेजवर नको, लोकं नावं ठेवतील. नि 'मी आलेलो ते तिला सांगू नका' असंपण बोलले. मी नाय म्हणत होतो, पण सर ऐकंनात."

घंटा झाली. तो निघाला.

"थांब," म्हटलं. कासोटा सोडला आणि पुन्हा खोचला, घट्ट.

प्रयोगभर संवाद सांगत होते आणि विंगेतून पहिली रांग बघत होते. सगळ्यात जोरात टाळ्या शैलेशच्याच.

२३ जानेवारी
सरांना फोन केला. पुढच्या, सफाळ्याच्या प्रयोगात यमुना मी करणार, निमेशची ना नाही. सर म्हणाले, "अगं, पण शैलेशराव काय म्हणतील?"

म्हटलं, "त्यांना अजून सांगितलेलं नाही. पहिल्या रांगेतलं तिकीट काढून ठेवलंय."