कु. छाया, बी.ए., सौंसर

५ जानेवारी १९८६, रविवार

पांढुर्ण्याच्या यशवंतरावांचं पत्र आलं. मुलगा मुकुंद, तिथल्याच शाळेत मास्तर. संत्र्याची बाग आहे. पत्रात लिहिलंय, मुलीने लग्नानंतर नोकरी केली तरी हरकत नाही. छायाने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, हे वाक्य दोनदा वाचलं आणि शाळेच्या वह्या तपासायला बसली. आधीच्या दोन स्थळांची पत्रं तिने हातातसुद्धा घेतली नव्हती. म्हणजे हे स्थळ तिला हवं आहे. म्हणजे हे जमलंच पाहिजे. आणि वडील गेल्यापासून या घरात जमवायची कामं माझ्याकडे आहेत.

महिनाअखेरपर्यंत फोटो मागितला आहे. इथेच खरी अडचण. यशवंतरावांच्या कोनाड्यात म्हणे मुलींच्या फोटोंची चळत लागली आहे. मागे रामाकोना गावात अशाच चळतीतून फोटोंची अदलाबदल झाली आणि एकीचा होकार दुसरीच्या घरी गेला. तेव्हा नाव फोटोवरच हवं. समोर. ठसठशीत.

बायकोला योजना सांगितली. प्रतिभा म्हणाली, "मागं लिहून टाका न पेनानं."

मागे कोण बघतं?

स्टुडिओवाला गजानन फोटो नागपूरला पाठवून नाव घालून आणतो. त्याचे वेगळे पैसे घेतो. कशासाठी? टाक आहे, शाई ऑफिसात आहे, हात माझा आहे. माझं अक्षर तहसीलभर माहीत आहे. साधनं घरातच असतात, फक्त दृष्टी लागते. संकल्प: संपूर्ण काम फुकटात. मंगळवारी फोटो पोस्टात.

७ जानेवारी, मंगळवार

फोटो पोस्टात नाही.

गजाननने छायाच्या फोटोच्या दोन प्रती दिल्या होत्या. पहिलीवर टाकाने 'कु.' काढला. चकचकीत कागदावर शाई बसेना. थेंब गोळा होऊन अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे पळत होते. फोटोवर पावडर चोळली, तेव्हा शाई धरली. सुंदर अक्षर आलं. 'छाया' पूर्ण झालं. मग 'बी.ए.' लिहिण्यासाठी हात खाली घेतला, तर 'छाया' मनगटाला लागून हनुवटीवर गेली.

पुसलं. पसरलं. आणखी पुसलं. आता डाव्या गालावरचा तीळ कोणता आणि शाईचा डाग कोणता हे सांगता येत नाही. छाया बघून म्हणाली, "भाऊ, मले दाढी आली." तिला या कामातले कष्ट कळत नाहीत. शिवाय तिची पावडर संपल्याबद्दल बोलली ते वेगळंच.

कागद निकृष्ट आहे.

९ जानेवारी, गुरुवार

काळ्या शाईत मुळात दोष. साडी गडद रंगाची, त्यावर पांढरीच अक्षरं उठणार. हे मला आधीपासून वाटत होतं.

पांढरा रंग विकत घेणं तत्त्वात बसत नाही. पानाच्या डबीतला चुना घेतला, त्यात डिंक घातला. दुसऱ्या प्रतीवर नाव काढलं. वाळल्यावर असं ठसठशीत दिसलं की शेजारच्या दादारावांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "वा! दुकानाच्या पाटीसारखं दिसून राहिलं." फोटो पाकिटात घातला. प्रतिभाने खात्री करायला पुन्हा काढला. आधी 'बी.ए.' गळलं. मग 'सौंसर'. शेवटी 'कु.' तेवढा राहिला होता, तोही फुंकर मारल्यावर गेला.

प्रतिभा पुन्हा म्हणाली, "मागं लिहा."

या घरात नवीन गोष्टीला उत्तेजन नाही.

१२ जानेवारी, रविवार

गजाननकडे गेलो. नवीन प्रती हव्यात असं सांगितलं, कारण सांगितलं नाही. त्याने माझे हात बघितले आणि ओळखलं. हातावर ही शाई राहते, फोटोवर राहत नाही. कंपनीला लिहिलं पाहिजे.

गजानन म्हणाला, "विनायकभाऊ, फोटोवर कायले लिहून राहिले? निगेटिव्हवर लिहा. काळं लिहाल तं पांढरं उठते. नागपूरले तसंच करते."

हे मला सुचलंच असतं. निगेटिव्ह घेऊन आलो. काड्यापेटीहून थोडी मोठी आहे. छाया तिच्यात भुतासारखी दिसते, पण ते तात्पुरतं आहे.

एकच निगेटिव्ह आहे. दुसऱ्या पोझमध्ये छायाचे डोळे मिटले होते. तिला ठाऊक आहे. म्हणून संध्याकाळभर मी निगेटिव्ह जिथे ठेवीन तिथून उचलून ती ट्रंकेत नेऊन ठेवत होती.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ सर्वांना दिला. प्रतिभाला विशेष सांगून दिला. गोड बोलणं मात्र झालं नाही.

निगेटिव्हला दोन बाजू. एक चकचकीत, एक मंद. चकचकीत बाजूशी मागच्या मंगळवारी माझा परिचय झालाच होता, म्हणून विचारपूर्वक मंद बाजू घेतली. शाई लगेच धरली. दिवाळीत आणलेलं भिंग, बारीक टाक, श्वास रोखून, खालच्या बाजूला: 'कु. छाया, बी.ए., सौंसर.' कोपऱ्यात थोडी जागा उरली. रिकामी बरी दिसत नव्हती. तिथे बारीक अक्षरात 'अक्षरलेखन: विनायक' असं टाकलं. कलाकाराने नाव टाकायचं असतं.

ही फुकट पद्धत नागपूरवाल्यांना कळली तर त्यांचा धंदा बसेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

प्रिंट आली. पांढरी, रेखीव, मोत्यासारखी अक्षरं. सगळी उलटी.

गजानन आणि मी पुष्कळ वेळ प्रिंटकडे बघत होतो. तो म्हणाला, "आता?" मी म्हणालो, अक्षरं सरळ आली पाहिजेत, बाकी काही मी जाणत नाही. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, निगेटिव्ह पालथी घालून छापू. मी म्हणालो, मी तेच सांगणार होतो.

१८ जानेवारी, शनिवार

यश!

अक्षरं सरळ. गजानन स्वतःच इतका खूश झाला की चहा त्याने मागवला. फोटो घरी आणून दाखवला. छायाने फोटो हातात घेऊन म्हटलं, "भाऊ, हे बराबर आलं. आरशात दिसते तशीच मी." दुसऱ्या कोणत्या कलाकाराला अशी पावती मिळाली असेल?

प्रतिभा मात्र फोटो इकडून तिकडून बघत राहिली. म्हणाली, "काही तरी येगळंच वाटून राहिलं." मी विचारलं, काय? "ते सांगता येत नाही. छायाबाईचा पदर..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. जिला 'मागं लिहा' एवढंच येतं तिने कलेवर बोलू नये. संध्याकाळच्या टपालात टाकून आलो.

२८ जानेवारी, मंगळवार

उत्तर आलं! येत्या रविवारी मुलगी पाहायला येतात. यशवंतराव, मुकुंद आणि यशवंतरावांच्या मोठ्या बहीण शकुबाई. घरातला शेवटचा शब्द त्यांचा असतो म्हणतात. पत्रात लिहिलंय: 'फोटो मिळाला. फोटोवरचे नाव वाचले.'

म्हणजे अक्षराची दखल घेतली आहे. स्तुती केलेली नाही, पण वरपक्ष लगेच स्तुती करत नसतो.

छाया आजपासून रोज साबण लावून माझी बोटं घासायला लावते. म्हणते, "पाहुण्यांना पाणी देशील तं हात दिसतीन."

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

सर्व सज्ज. पोहे, संत्री, चहा. बोलणं फोटोवर आलं तर पद्धत कुठून समजावायला सुरुवात करावी याची टिपणं काढून ठेवली आहेत. छायाने तीच साडी नेसली आहे, फोटोतली. म्हणाली, ओळखायला सोपं जाईल.

२ फेब्रुवारी. संध्याकाळ

बोलणं फोटोवर आलं.

छाया पोहे घेऊन आली. शकुबाईंनी तिच्याकडे बघितलं, पिशवीतून फोटो काढला, पुन्हा छायाकडे बघितलं. म्हणाल्या, "यशवंता, हे पोट्टी थे नाही."

यशवंतरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"फोटोत तीळ उजव्या गालावर हाये. हिच्या डाव्या गालावर. अन् पदर पाहा न. फोटोतली उजव्या खांद्यावर सीधा पल्ला घेऊन हाये, छिंदवाड्याकडच्या बायांसारखी. फोटो एकीचा अन् दाखवून राहिले दुसरीले! असं आमच्या मामेभावाच्या लग्नात झालं होतं, मले शिकवू नका."

यशवंतरावांनी विचारलं, "विनायकराव, घरात अजून एक बहीण आहे काय?" मी म्हणालो, नाही. "मंग हे कोण होय?" मी म्हणालो, हीच. शकुबाई म्हणाल्या, "अन् पोरीच्या फोटोवर ह्या विनायकाचं नाव काहून? अदुगर लग्न जमलं होतं काय कुठं?" मी म्हणालो, विनायक म्हणजे मी. त्याने प्रकरण सुधारलं नाही.

मी टिपणं काढली. मंद बाजू, चकचकीत बाजू, काळ्याचं पांढरं, सगळं समजावलं. समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की निगेटिव्ह पालथी घातल्यावर अक्षरांबरोबर आणखीही काही पालथं पडलं असावं. हे मनात आलं तेव्हा मी वाक्याच्या मधोमध होतो. वाक्य तिथेच राहिलं. यशवंतराव चपला शोधत होते.

छाया उभी होती. इतकी पांढरी पडली होती की डाव्या गालावरचा तो तीळ जास्तच उठून दिसत होता. मग तिने ताटली खाली ठेवली, आत गेली आणि खिळ्यावरचा माझा दाढीचा आरसा काढून घेऊन आली. म्हणाली, "आत्याबाई, तो फोटो द्या बरं." फोटो आरशासमोर धरला. "आता पहा. तीळ डाव्या गालावर आला न? पदर बी आला जागेवर. भाऊनं अक्षरं सरळ केली अन् मले पालथी घातली."

शकुबाईंनी आरशात बघितलं. छायाकडे बघितलं. तरी समाधान झालं नाही. मग त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. त्यांनी लुगड्याचा काठ पाण्यात बुडवला, छायाची हनुवटी धरली आणि तीळ चांगला खसखसून पुसून बघितला.

तीळ निघाला नाही.

तेव्हा मुकुंद हसायला लागला. आल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडलं त्याने. छायाही हसली. मुकुंद मला म्हणाला, "विनायकभाऊ, मागं पेन्सिलीनं लिहिलं असतं तं?"

आतून प्रतिभाच्या बांगड्या वाजल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

होकार आला. शकुबाईंनी सांगितलं म्हणे, पोरगी घाबरून रडत नाही बसली, आरसा घेऊन आली, हेच पाहिजे.

शांतपणे विचार केला तर हे लग्न माझ्या अक्षरांमुळे जमलं. साधा फोटो असता तर छायाला आरसा आणायची संधी कुठून मिळाली असती? हे प्रतिभाला समजावून सांगितलं. ती हरभरा निवडत होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, पत्रिका छापायला कोण जाणार. मी म्हणालो, छापायला कशाला, माझं अक्षर... छाया आतून ओरडली, "वहिनी जाईल!"

२३ फेब्रुवारी, रविवार

साखरपुडा. गजानन कॅमेरा घेऊन आला होता. नजरेला नजर देत नव्हता. यशवंतरावांनी त्याला बजावून सांगितलं, "काढा, छापा, द्या. काही लिहाचं नाही."

ग्रुप फोटोच्या वेळी छायाने हळूच येऊन सांगितलं, "भाऊ, हात मागं ठेव." शाई अजून गेलेली नाही. मी कडेला उभा राहिलो. नवऱ्यामुलीचा मोठा भाऊ खरं तर मधोमध हवा, पण हात मागे ठेवून मधोमध उभं राहिलं की माणूस आरोपीसारखा दिसतो.

२ मार्च, रविवार

ग्रुप फोटो आला. फार चांगला आला आहे. छाया मुकुंदशेजारी बसली आहे, डोळे उघडे, तीळ डाव्या गालावर. मी सुचवलं, इतकी माणसं आहेत, पुढे दहा वर्षांनी कोण कुठला कळणार नाही. खाली एक बारीक ओळ... छायाने टाक उचलून आत नेला.

दुपारी फोटो पालथा करून बघितला. प्रतिभाने मागे पेन्सिलीने सगळ्यांची नावं लिहून ठेवली आहेत. डावीकडून, ओळीने, एकही चूक नाही. यशवंतराव, शकुबाई, मुकुंद, छाया, शेजारचे दादाराव. पाहुण्यांच्या बसचा कंडक्टर अचानक फोटोत घुसला होता, त्याचंही नाव विचारून लिहिलं आहे.

प्रतिभा नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. लिहितानाही घेत नाही हे आज कळलं.

अगदी शेवटी, कडेला, माझ्या जागी, तिने लिहिलं आहे: 'हे'.