बरोबरला चूक म्हटल्यावर

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज मला कुणाशी तरी भांडायचंय. वर्तकनगरच्या एका शाळेत मी दहावीला गणित शिकवते. यंदा सराव परीक्षेचे पेपर तपासायला शाळेने कॉम्प्युटरवरचं एक मशीन घेतलंय. पेपर स्कॅन करायचे, ते गुण देतं, खाली आम्ही सही करायची. काही विचारलं तर मराठीत उत्तरही देतं, तेही इतक्या अदबीने की डोकं फिरावं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, जगातलं सगळं नॉलेज आहे हो त्यात." मी म्हटलं, "लायब्ररीच्या कपाटातपण आहे. कपाटाला गणित येतं का?" त्या हसल्या. मला अजिबात हसू येत नव्हतं.

ठाकुर्लीला तुमच्या चाळीत पुढच्या खोलीत तुमच्या आई आजारी असायच्या, म्हणून आमची शिकवणी स्वयंपाकघरात. ओटा आणि पाण्याचं पिंप यांच्या मधे आम्ही सहाजण दाटीवाटीने बसलोय, आणि तुम्ही पुस्तक न उघडता शिकवताय, मधेच उठून आमटी ढवळताय. कुणी उत्तर बरोबर आणलं की तुम्ही चेहरा कोरा ठेवून म्हणायचात, "चूक." मुद्दाम. आणि मग पोरगं काय करतं ते बघत राहायचात. मी एकदा तुमच्या त्या एका शब्दावर अख्खं गणित खोडून टाकलं. तुम्ही पळी खाली ठेवलीत. "खोडलंस कशाला? बरोबर होतं. म्हणजे तुला येत नव्हतं, नुसतं लिहिता येत होतं." मी घरी जाऊन रडले, आणि आठवडाभर तुमचा रागराग केला.

आता ऐका. वर्गातल्या एका मुलीने कोनदुभाजकाचं प्रमेय पुस्तकासारखं समांतर रेषा काढून न सोडवता क्षेत्रफळांवरून सिद्ध केलं. स्वतःच्या डोक्याने, चार ओळींत, एकही पायरी न गाळता. मशीनने तिला शून्य दिलं. मी त्याला लिहिलं, हे बरोबर आहे. ते म्हणालं, क्षमस्व, आपलं म्हणणं योग्य आहे, तीन गुण. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला तुमची आमटी आठवली. मी लिहिलं, नाही, चूकच आहे. ते म्हणालं, क्षमस्व, आपलं म्हणणं योग्य आहे, शून्य गुण. पाच वेळा उलटसुलट केलं आणि पाचही वेळा त्याने तितक्याच गोडीने माफी मागितली. अरे, एकदा तरी भांड माझ्याशी! ज्याला कशाचीच खात्री नाही, त्याला ज्ञान आहे असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तावातावाने ऑफिसात गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, निकाल छापून झालेत. एकीचं बदललं तर उद्या पन्नास पालक दारात येतील. सरावच तर आहे, राहू द्या ना." मी म्हटलं, "बरं." आणि त्या शून्याखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी पेपर घेऊन आली. "मॅडम, माझं चुकलं कुठे?"

"पुस्तकात दिलंय तसं लिहावं गं."

"हो, पण चुकलं कुठे? दुभाजकावरचा बिंदू दोन्ही बाजूंपासून सारखाच लांब असतो ना? मग दोन्ही त्रिकोणांच्या उंच्या सारख्याच झाल्या."

चुकलंच नव्हतं. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, "बोर्डाला असले प्रयोग चालत नाहीत." खोटं बोलले, सर. बोर्डाला चालतं. ती पेपरची घडी घालून म्हणाली, "ओके मॅडम. पुस्तकातलं पाठ करते."

पत्र मशीनच्या तक्रारीचं म्हणून लिहायला घेतलं होतं. पण त्याला बिचाऱ्याला काही कळतच नाही. मला कळत होतं, आणि ज्या एका मुलीला खरोखर येत होतं तिला मी पाठांतराला बसवलं. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुमच्यासमोर यायची मला लाज वाटतेय.