लेसिएलीची चटई

लाडक्या लेसिएली,

काल फोनवर तू म्हणालीस, "आजोबा, प्रबंधाचं पहिलंच पान मनासारखं उतरत नाही. खोडते आणि झोपून राहते." मी हसलो, "आळशी कासव!"

मग गावातल्या बायका जिथं चटया विणतात, त्या विणकामाच्या घरावरून गेलो. आपल्या रिवाजाप्रमाणे पदवीच्या दिवशी तुझ्या कमरेला गुंडाळायची मानाची चटई विणून होत आली होती. तुझी आत्या ओरडली, "काय बाबा, चटई आली संपत, तुमची पंडिता कुठंय?"

बायका हसल्या. मी शरमलो. प्रबंध लिहून व्हायच्या आधीच चर्चमध्ये तुझी पदवी मीच जाहीर केली होती, तुला न विचारता. पोरी, तो आळस नाही, धास्ती आहे, आणि ती मी विणली.

हेच सांगायला बसलोय. पण शाळेतल्या कवितेसारखी सुंदर ओळ सुचेना, म्हणून पानं खोडतोय. उद्या नीट लिहून पाठवीन.

तुझाच,
म्हातारं कासव